दाढ, एक्स-रे आणि प्रकट वाचन : दातांच्या दवाखान्यातली एकास-एक शिकवण



आपण इथं नेहमी भाषा, गणित, परिसर अभ्यास यांवर बोलतो. आज मात्र मी तुम्हाला दातांच्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे. घाबरू नका, खुर्चीत बसायचं नाही. खुर्चीच्या बाजूला उभं राहून बघायचं, की एक अनुभवी डॉक्टर दुसऱ्या नव्या डॉक्टरला आणि त्याच्या दवाखान्यातल्या माणसांना कसं शिकवतो. मी डी.एड. केलेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण शिकवणं हा आपला धंदा आहे, आणि चांगलं शिकवणं कुठंही दिसलं तरी आपल्याला ओळखू येतं.

एका दाढेची गोष्ट

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. बीडीएस झाला, इंटर्नशिप झाली, वर्षभर नोकरी केली आणि मग दर्यापूरला स्वतःचा छोटा दवाखाना टाकला. एक खुर्ची, एक एक्स-रेचं मशीन आणि मदतीला एक मावशी. आमच्या बाबांनी दारात नारळ फोडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, पोरगा लायनीला लागला.

पहिल्या सहा महिन्यांतच एक आजी आल्या. खालची दाढ किडलेली, रात्रभर ठणकत होती. भावानं एक्स-रे काढला, भूल दिली, चिमट्यानं दाढ हलवायला सुरुवात केली आणि कट्कन आवाज आला. दाढेचा वरचा भाग चिमट्यात आणि एक मूळ आत तसंच. पुढचा पाऊण तास तो ते मूळ काढायचा प्रयत्न करत होता. आजी काही बोलत नव्हत्या, पण त्यांच्या मुठी आवळलेल्या त्याला दिसत होत्या. शेवटी त्यानं कापूस दाबून धरायला दिला आणि त्यांना अमरावतीला पाठवलं.

त्या रात्री त्याचा मला फोन आला. "ताई, मले नाई जमत हे. मी आपली नोकरीच पाहतो परत."

मी आपलं नेहमीचं बोलले, "अरे, सरावानं येईल."

तर तो म्हणाला, "सराव कोणासमोर करू? माहं काय चुकलं हे सांगायले तं कोणी पाहिजे ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कारण माझी पहिली शाळा द्विशिक्षकी होती. दुसरे गुरुजी टपाल, पोषण आहार आणि मीटिंगा यांतच अडकलेले. पहिलीचा वर्ग माझ्या हातात आणि मी चुकते की बरोबर करते हे बघायला कोणीही नाही. मुलं वाचायला शिकेनात तेव्हा मी मुलांनाच दोष दिला. ती मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांतली दोघं-तिघं अजून अडखळत वाचतात, हे मला माहीत आहे. एकट्यानं शिकायची किंमत शिकणारा एकटा भरत नाही. ती समोरच्या मुलाला भरावी लागते, आणि दवाखान्यात खुर्चीतल्या आजीला.

मग कॉलेजात शिकवलं नव्हतं का?

शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. आपल्या भागातली मुलं बीडीएसला अमरावतीच्या विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीच्या दंत महाविद्यालयात जातात, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जातात, वर्ध्याजवळ सावंगीला जातात. चार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात. नंतर 'फँटम हेड' म्हणजे माणसाच्या डोक्यासारख्या पुतळ्यावर हात बसवतात. तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षी खरे रुग्ण येतात.

पण आपल्या सराव पाठांसारखंच तिथंही होतं. एका सरांच्या मागे बरीच मुलं असतात. सर येतात, झालेलं काम बघतात, सही करतात, पुढच्या खुर्चीकडे जातात. शेवटी काय झालं ते दिसतं, पण होताना हात कसा चालला ते रोज बघायला वेळ नसतो. आपल्या निरीक्षण वहीत शेरा असायचा, 'फलक लेखनात सुधारणा आवश्यक.' अहो, पण कशी?

पदवी मिळाली, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी झाली, की कायद्यानं तो पूर्ण डॉक्टर. दुसऱ्या दिवशी तो एकटा दवाखाना चालवू शकतो. कायदा बरोबरच आहे, पण कागदावरचा पूर्ण आणि हाताचा पूर्ण यांत काही वर्षांचं अंतर असतं.

गंमत अशी, की जुन्या काळी हे उलटं होतं. दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं कॉलेज अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० साली निघालं. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी ही विद्या बऱ्याच अंशी उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकायची, सुताराचा मुलगा रंधा शिकतो तशी. त्यात खोटही होती. उस्ताद चुकीचं करत असेल तर चेलाही तेच चुकीचं उचलणार. कॉलेजांनी शास्त्र आणलं, परीक्षा आणली. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं नोंदणी आणली. हे सगळं हवंच होतं. फक्त या सगळ्यात ते शेजारी बसणं कमी झालं. एकास-एक मार्गदर्शन म्हणजे शास्त्र पक्कं ठेवून ते शेजारी बसणं परत आणणं.

इंग्लंडमध्ये तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत काम करायचं असेल तर तिथं शिकून निघालेल्या नव्या दंतवैद्याला पदवीनंतर एक वर्ष अनुभवी डॉक्टरच्या दवाखान्यात, त्याच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. आपल्याकडे खाजगी दवाखाना टाकणाऱ्याला तशी सक्ती नाही. आपलं आपण शोधावं लागतं.

अकोल्याचे सर

भावानं शोधलं. अकोल्याला एक ज्येष्ठ दंतवैद्य आहेत, त्यांच्याकडे तो गेला. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

तुम्ही विचाराल, दर्यापूर अमरावती जिल्ह्यातलं, मग मूर्तिजापूरवरून अकोल्याला कशाला? मीही विचारलं. त्याचं उत्तर ऐका. "ताई, गावातल्याच डॉक्टरले कसं विचारू? तो म्हणीन, याले काही येत नाही, आणि मी म्हणीन, हा माहे पेशंट नेते." हे खरं आहे. एकाच गावातले दोन दवाखाने म्हटले की मनात थोडी स्पर्धा येतेच. शिकणाऱ्याला आपलं अज्ञान उघडं करता आलं पाहिजे आणि शिकवणाऱ्याला हातचं न राखता सांगता आलं पाहिजे. त्यासाठी मधलं काही किलोमीटर अंतर कामाला येतं.

ठरलं ते असं. महिन्यातून दोनदा भाऊ अकोल्याला जाणार, सरांच्या खुर्चीशेजारी बसून बघणार, मदत करणार. एकदा सर दर्यापूरला येणार, तेव्हा काम भाऊ करणार आणि सर बघणार. मधल्या दिवसांत फोन. सर यासाठी ठरावीक फी घेतात आणि मला ते योग्यच वाटतं, कारण त्या दिवशी त्यांचा स्वतःचा दवाखाना बंद असतो.

"एक्स-रे मोठ्यानं वाच"

पहिल्या भेटीत भावानं आजीच्या दाढेचा एक्स-रे सोबत नेला होता. त्याला वाटलं होतं, सर चिमटा कसा धरायचा ते सांगतील. सरांनी एक्स-रे त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच."

भाऊ म्हणाला, "दाढेत खोल कीड आहे, मुळाच्या टोकाशी पू झालेला दिसतो."

"अजून?"

"दोन मुळं आहेत."

"कशी आहेत?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं असतात, एक पुढचं आणि एक मागचं. आजींच्या दाढेचं पुढचं मूळ टोकाशी मागच्या बाजूला चांगलंच वळलेलं होतं. वाकडा खिळा सरळ ओढला तर काय होईल? तेच झालं होतं. एक्स-रे त्यानं त्या दिवशी बघितला होता, वाचला नव्हता.

अशा वेळी दाढ मधोमध कापून दोन्ही मुळं वेगळी करायची आणि एकेक आपापल्या वळणानं काढायची. हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही असेल.

मित्रांनो, मला हे ऐकून एकदम आपलं प्रकट वाचन आठवलं. मूल मनातल्या मनात वाचतं तेव्हा ते काय गाळतं हे आपल्याला कळत नाही. मोठ्यानं वाचलं की गाळलेला शब्द लगेच सापडतो. डॉक्टरचंही तसंच. त्याचा विचार बाहेर ऐकू आला तरच त्यातली फट सापडते. आता भावाचा नियमच झालाय, कुठलाही दात काढण्याआधी तो मावशींना एक्स-रे वाचून दाखवतो. मावशींना सगळं समजत नाही, पण त्या विचारतात, "डॉक्टर, मूळ सरळ हाये ना?"

शिकवण्याच्या चार पायऱ्या

दाढ कापून काढायचं हे काम सरांनी कसं शिकवलं, ते सांगते. सुरुवात रुग्णावर नाही. काढून टाकलेल्या, निर्जंतुक केलेल्या दाढा प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवल्या आणि त्यावर सराव.

१. सरांनी काम नेहमीच्या गतीनं, एक शब्द न बोलता करून दाखवलं. पूर्ण काम कसं दिसतं ते डोळ्यांत बसावं म्हणून.

२. तेच काम सावकाश, प्रत्येक टप्पा फोडून, बोलत बोलत केलं. बोट कुठं टेकवायचं, ड्रिल किती खोल न्यायचं, कुठं थांबायचं, का थांबायचं.

३. आता भावानं सांगायचं आणि सरांनी करायचं. भाऊ जेवढं सांगेल तेवढंच सर करणार. तो टप्पा विसरला की सरांचा हात थांबणार.

४. भावानं स्वतः करायचं, प्रत्येक टप्पा बोलत.

ही पद्धत सरांची स्वतःची नाही. रॉडनी पेटन नावाच्या सर्जननं १९९८ मध्ये ती मांडली आणि हाताची कौशल्यं शिकवताना डॉक्टरी शिक्षणात ती वापरतात.

यातली तिसरी पायरी बघा. आपण वर्गात करून दाखवतो, समजावून सांगतो आणि थेट म्हणतो, "आता तुम्ही करा." मधली पायरी आपण खाऊन टाकतो. मी दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी अशी घेऊन बघितली. मुलांनी सांगायचं, मी फळ्यावर करायचं. एक पोट्टं म्हणालं, "दोनातून सात जात नाही, तर सातातून दोन काढा." मी मुकाट्यानं तसंच केलं. उत्तर आलं, तपासलं, जुळेना. मग त्यांनीच आपसात भांडून दशकाकडे जायचं ठरवलं. कोण कुठं अडलंय हे मला पाच मिनिटांत कळलं. एरवी वह्या तपासून दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

शेजारी बसून काय करायचं, काय नाही

सर दर्यापूरला आले होते तेव्हा सुट्टीचा दिवस होता, मी तिथं होते. दारातल्या बाकावर बसून बरंच ऐकलं, उरलेलं भावाला विचारलं. त्यातून मला कळलेल्या गोष्टी अशा.

*रुग्णाला आधी सांगायचं.* भावानं रुग्णाला सांगितलं, "हे माझे सर आहेत, आज माझ्यासोबत थांबतील. चालेल ना?" रुग्ण 'हो' म्हणाला तरच सर आत. रुग्ण भावाचाच, निर्णय आणि जबाबदारीही भावाची.

*आधीच विचारायचं, "आज मी काय बघू?"* सगळंच बघायचं ठरवलं तर काहीच धड दिसत नाही. त्या दिवशी ठरलं होतं, आरशाचा वापर. वरच्या दाढांचं काम छोट्या आरशात बघून करायचं असतं, आणि आरशात सगळं उलटं दिसतं. नवा डॉक्टर मग मान वाकडी करून सरळ बघायला जातो. चार-पाच वर्षांनी कंबर आणि मान धरते. सरांनी फक्त तेवढंच बघितलं.

*रुग्णासमोर चूक काढायची नाही.* एरवी सर भावाला "अरे बाळा" म्हणतात. पण रुग्ण खुर्चीत असताना "डॉक्टर, आपण" असंच बोलणं. दोघांत खूण ठरलेली होती. सर म्हणाले "डॉक्टर, जरा पाणी मारू या," की भावानं थांबायचं, हात बाहेर घ्यायचा आणि परत बघायचं. रुग्णाला काही कळत नाही, त्याचा डॉक्टरवरचा विश्वासही जागेवर राहतो.

हे ऐकून मला एक जुना दिवस आठवला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका साहेबांनी भरल्या वर्गात माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाले, "असं शिकवतात का?" त्यांनी जे दाखवलं ते बरोबर होतं. पण काय दाखवलं ते मला आज आठवत नाही. मुलांचे चेहरे तेवढे आठवतात.

*हात आवरायचा.* सरांना हे सगळ्यात जड जातं, असं ते स्वतःच म्हणाले. "माझ्याकडून दोन मिनिटांचं काम आहे, हा दहा मिनिटं लावतोय, हात शिवशिवतात." पण रुग्णाला धोका असेल तरच सर हातमोजे घालून मध्ये पडतात. नाहीतर दहा मिनिटं लागू देतात. डी.एड.ला आपण वायगॉट्स्की शिकलो, मूल आज मदतीनं जे करतं ते उद्या एकट्यानं करतं. वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये त्या मदतीला बांधकामाच्या पाडाची उपमा दिली. पाड भिंतीसाठी बांधतात आणि भिंत उभी राहिली की काढतात. काढलाच नाही तर गवंड्याचा उपयोग काय?

*मागाहून बोलायचं, पण क्रमानं.* रुग्ण गेला की आधी भावानं सांगायचं, काय चांगलं झालं. मग सरांनी काय चांगलं दिसलं ते सांगायचं. मग भावानं सांगायचं, पुन्हा करायचं झालं तर तो काय बदलेल. शेवटी सरांनी एखादी सूचना द्यायची. हा क्रम डेव्हिड पेंडल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी सुचवला होता. यात गोड बोलण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की शिकणाऱ्याला स्वतःचं काम स्वतः तपासायची सवय लागते. सर कायमचे शेजारी बसणार नाहीत ना!

मावशींचं शिक्षण

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. सरांनी त्या दिवशी अर्धा वेळ मावशींना दिला.

दातांचं काम दोन हातांचं नसतं, चार हातांचं असतं. रुग्ण आडवा झोपला की त्याचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, डोक्याच्या टोकाला १२ वाजले. उजव्या हातानं काम करणारा डॉक्टर साधारण ९ ते १२ च्या मध्ये बसतो. मदतनीस २ ते ४ च्या मध्ये. आणि वस्तूंची देवघेव ४ ते ७ च्या मध्ये, म्हणजे रुग्णाच्या छातीवर, हनुवटीच्या खाली. डोळ्यांवरून टोकदार वस्तू न्यायची नाही. जागा ठरलेल्या असल्या की डॉक्टरला दातावरून नजर उचलावी लागत नाही.

मावशी आधी भावाच्या मागे उभ्या राहायच्या. तो म्हणेल "ते द्या," की शोधून द्यायच्या. सरांनी त्यांना स्टूल दिलं, ३ वाजण्याच्या जागी बसवलं आणि एका ट्रेमध्ये सगळी हत्यारं वापरायच्या क्रमानं लावायला शिकवली. नावं इंग्रजी. मावशी आठवी शिकलेल्या. तर त्यांनी स्वतःच्या खुणा केल्या, वाकडा चमचा, चोचवाला चिमटा, बारकी सुई. सर म्हणाले, "चालेल. डॉक्टर, तुम्हीच या खुणा पाठ करा."

मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र. ते मोठ्या कुकरसारखं असतं. साधारण १२१ अंश सेल्सिअसची वाफ दाबाखाली निदान १५ मिनिटं हत्यारांना लागली पाहिजे. मावशींना कुकर कळतो. सरांनी विचारलं, "मावशी, कुकरात डाळीचे डबे ठासून भरले तर?"

"मंधातली कच्ची रायते."

"मग हत्यारं ठासून भरली तर?"

मावशी काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि ट्रेमधली अर्धी हत्यारं बाहेर काढून ठेवली. त्या दिवसापासून आधी किती वेळ मोजायचा, कधीपासून मोजायचा आणि एका वेळी किती हत्यारं लावायची हे त्या कोणी न सांगता पाळतात. नुसता डॉक्टर शिकला आणि मावशी तिथंच राहिल्या असत्या, तर खुर्चीतल्या माणसाला काय फायदा? आपल्याकडेही पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी ताई, मुख्याध्यापक यांना वगळून एकट्या शिक्षकाला प्रशिक्षण दिलं की असंच होतं.

लहान मुलं आणि सहा वर्षांची दाढ

पालकांसाठी हा भाग खास. मुलांवर काम करताना सर 'सांगा, दाखवा, करा' हा क्रम पाळायला शिकवतात. १९५९ मध्ये हॅरॉल्ड ॲडलस्टन यांनी तो मुलांच्या दंतवैद्यांसाठी मांडला. आधी मुलाच्या भाषेत सांगायचं, मग त्याच्या नखावर ब्रश फिरवून दाखवायचं आणि मगच तोंडात. घरून मुलाला "चूप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" अशी धमकी देऊन आणलं की हा क्रम पहिल्याच पायरीला मोडतो. कृपया असं करू नका.

आणि एक गोष्ट प्रत्येक पहिलीच्या पालकसभेत सांगा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कुठला दात पडून येत नाही, म्हणून आईबाबांना वाटतं, ही दुधाचीच, किडली तर किडली, पडेल. ती पडत नाही. ती कायमची आहे. आजींची किडलेली दाढही तीच होती.

एका दातापुरतं बघायचं नाही

सरांचा आणखी एक आग्रह, दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाचं पूर्ण तोंड बघायचं. आपल्या भागात हे किती गरजेचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा चालूच आहे, आणि मोठ्या वर्गांतल्या पोरांच्या खिशातही सापडतो. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. साधी खूण म्हणजे, आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर डॉक्टरला दाखवायचं.

भाऊ हे कॉलेजात शिकलाच होता. सरांनी शिकवलं ते विचारायचं कसं. "खर्रा खाता का?" म्हटलं की माणूस नाही म्हणतो. "दिवसाला किती होतात?" असं सहज विचारलं की खरं सांगतो. असं बोलणं पुस्तकात वाचून जमत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसून कानावर पडावं लागतं.

आणि आपण?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी 'नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग' सांगितलं आहे आणि वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचीही अपेक्षा आहे. आपले ५० तास बहुतेक हॉलमध्ये खुर्च्यांवर बसून होतात. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यास करून सांगितलं होतं, की व्याख्यान आणि प्रात्यक्षिकानं शिक्षकाला कळतं, पण ते वर्गात उतरायला कोणीतरी वर्गात येऊन सोबत करावी लागते.

मी या वर्षी आमच्या केंद्रातल्या एका नव्या शिक्षिकेसोबत हे सुरू केलं. महिन्यातून एक तास ती माझ्या वर्गात, एक तास मी तिच्या. आधी विचारायचं, "आज मी काय बघू?" मुलांसमोर एक शब्द नाही. मागाहून आधी तिनं बोलायचं. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "मॅडम, मी प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघतच नाही, स्वतःच सांगून टाकते." मी हे आधीच टिपून ठेवलं होतं. पण ती स्वतः बोलली म्हणून मी वही मिटली. आणि खरं सांगते, घरी आल्यावर लक्षात आलं, मीही तेच करते.

आजींचं काय झालं, ते राहिलंच. अमरावतीला मूळ निघालं, जखम भरली. वर्षभरानं त्या परत आल्या, दुसरी दाढ घेऊन. भाऊ मनातून हललाच. त्यानं आधी मागच्या वेळची माफी मागितली, मग मावशींना एक्स-रे मोठ्यानं वाचून दाखवला. दाढ कापली, दोन मुळं, दोन तुकडे. बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, "मांगच्या खेपेले तुवा हात कापे रे बाप्पा. आता नाई कापला."

त्या रात्रीही भावाचा फोन आला. यावेळी तो बराच वेळ बोलत होता, आणि बोलणं सगळं मुळांबद्दल.

तुमच्या शाळेत, शेजारच्या शाळेत कोणी नवीन शिक्षक आले असतील तर या महिन्यात त्यांच्या वर्गात एक तास मागच्या बाकावर बसा. खडू हातात घेऊ नका. आणि पुढच्या आठवड्यात त्यांना तुमच्या वर्गात बोलवा.